कोयत्यासारखा गट आणि त्याचे चार तुकडे

बरेच दिवस लिहायचं होतं हे, कारण गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन-चार जणांनी फोन करून हेच विचारलं की तुमची ती संगमेश्वरकडची डोंगरउताराची जमीन तुम्ही तुकडे करून विकलीत ना, कशी काय केलीत, आमची पण तशीच आहे. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून झालंय, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते.

जमीन आजोबांची. देवरुखपासून थोडी आत, वाडीच्या वरच्या अंगाला. सातबाऱ्यावर एकूण १ हेक्टर २६ आर (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, साधारण एक गुंठा), त्यात १४ आर पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जागा, आणि खातेदार अकरा. काका, चुलत भाऊ, आम्ही बहिणी, दोन आत्या. गणपतीला सगळे जमलेले असताना २०२२ मध्ये ठरलं की आता तिथे कुणी राहायला जाणार नाही, काजू तोडायला सुद्धा माणूस मिळत नाही, दरवर्षी वणव्याची भीती, तर विकूया. एकदम एवढी जमीन घेणारा कुणी येईना, जे आले ते पडेल भावात मागत होते, म्हणून तुकडे करून विकायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं कारण मी त्यातल्या त्यात जवळ, रत्नागिरीत राहते.

आता गटाचा आकार सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नकाशावर तो डिट्टो कोयत्यासारखा दिसतो. खाली ग्रामपंचायतीच्या रस्त्याला लागून मुठीसारखा अरुंद भाग, साधारण २२ मीटर रुंद आणि ६० मीटर लांब, जवळजवळ सपाट. मग तिथून एकदम रुंद होऊन चढ सुरू होतो, ७० मीटर अंतरात १८ मीटर उंची चढते म्हणजे साधारण १:४ चा उतार, आणि हा चढ संपला की वर कातळाजवळ परत सपाटी, ६० मीटर खोल आणि ९० मीटर रुंद. त्या चढावर पूर्वी नाचणी-वरी व्हायची, वरकस म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन, आता काजूची झाडं आणि बाकी रान. चढाच्या पायथ्याला आजोबांनी बांधलेली विहीर.

पहिला एजंट आला तो मोबाईलवर गुगल मॅप उघडूनच आला. त्याने त्यावर बोटाने आडव्या-उभ्या रेघा मारून अर्ध्या तासात पाच-पाच गुंठ्याचे बावीस प्लॉट करून दाखवले, मध्ये सरळ वर जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉट, आणि म्हणाला ताई गुंठेवारीने विका, मुंबईवाले उड्या मारतील. मी विचारलं की पाच गुंठ्याचा सातबारा वेगळा होणार कसा, तर म्हणे वेगळा कशाला हवा, सामाईकात नावं लावून देऊ, आपसात नोटरी करू.

इथे मी थांबले आणि तुम्हीही थांबा. सामाईकात नाव लावून 'हा कोपरा तुझा' असं सांगून विकणं हे कोकणात सर्रास चाललंय आणि त्यात अडकलेली माणसं मी बघितली आहेत. रिटायरमेंटचे पैसे घातलेले, कागदावर अविभक्त हिस्सा, जागेवर कुंपण शेजाऱ्याचं, आणि कोर्टात तारखा. आपल्या आजोबांच्या जमिनीवर आपण कुणाशी असं करायचं नाही हे मी त्याच दिवशी घरात सांगितलं आणि काकांनीही ते उचलून धरलं.

कायद्याचं थोडक्यात. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, त्यात प्रमाणभूत क्षेत्र ठरलेलं असतं आणि शेतजमिनीचा त्यापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने रायगड आणि अकोला सोडून बाकीच्या ग्रामीण जिल्ह्यांना जिरायतीसाठी २० आर आणि बागायतीसाठी १० आर हे क्षेत्र ठरवलं. (२०२५ मध्ये या कायद्यात अजून बदल झालेत, तुम्ही करणार असाल तर तुमच्या तालुक्याला आज काय लागू आहे ते आधी विचारून घ्या.) आमची जिरायत, म्हणजे शेतजमीन म्हणून विकायची तर प्रत्येक तुकडा २० आरच्या वर हवा. दुसरा मार्ग रीतसर ले-आऊट मंजूर करून बिनशेती करून प्लॉट विकायचा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असतो तर महसूल संहितेच्या ४२-ड खाली ते सोपं पडलं असतं, पण आमचा गट त्याच्या बाहेर. आणि खरी अडचण त्याहून मोठी होती, ती म्हणजे मधला चढ.

एकात्मिक बांधकाम नियमावली जी २०२० च्या डिसेंबरात आली, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात, त्यात १:५ पेक्षा जास्त उताराच्या जागेवर बांधकामाला परवानगी नाही. आमचा मधला भाग १:४ चा. म्हणजे जवळजवळ ६० आर, अर्धा गट, घर बांधायला बादच. एजंटच्या त्या नकाशात बावीसपैकी दहा-अकरा प्लॉट बरोबर त्या चढावर बसत होते. घेणाऱ्याला ते कधी कळलं असतं? पैसे देऊन झाल्यावर, परवानगीला गेल्यावर.

मग मी ठरवलं की आधी जमीन नीट बघायची, रेघा नंतर. आणि बघायची ती पावसात.

जुलै २०२३ मध्ये मी आणि माझा चुलत भाऊ चार दिवस तिथे जाऊन राहिलो. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलैत, त्यामुळे पाणी कुठून येतं कुठे जातं हे बघायचं तर तोच महिना. नेमकं त्याच आठवड्यात, १९ जुलैच्या रात्री, खालापूरजवळ इर्शाळवाडीवर दरड आली. दोन वर्षांपूर्वीच महाडजवळच्या तळीये गावाचं तसंच झालेलं होतं. तिथली कारणं वेगळी, जागा वेगळ्या, मला माहितीये, पण त्या दिवसांत छत्री घेऊन त्या चढावर उभं राहून पायाखालची माती बघताना जे वाटत होतं ते मी विसरणार नाही. वरती जांभा आहे तो दिसायला कणखर, पण त्याच्या खाली चिकट पिवळट-पांढरी माती, आणि पाणी जांभ्यातून झिरपून त्या मातीवर आलं की तिथूनच बाहेर फुटतं. अशा चढाचा पायथा जेसीबीने उभा कापला की वरचं कशाच्या आधारावर राहणार?

वाडीतले एक आजोबा रोज गुरं घेऊन त्या बाजूने जातात, त्यांनी आम्हाला काठीने दाखवलं की वरच्या कातळावरचं सगळं पाणी एका घळीतून खाली येतं. उन्हाळ्यात ती घळ कळतच नाही, गवत वाढलेली नुसती खोलगट जागा वाटते. त्या दिवशी तिच्यातून गुडघाभर पाणी वाहत होतं. मी त्यांना एजंटचा कागद दाखवला तर ते म्हणाले, "तुमी रेघा मारताव, पन पानी काय रेघा बगून जानार हाय?" त्या कागदावर घळीच्या बरोबर मधोमध एक प्लॉट होता, नंबर अकरा.

उतार मोजायला आम्ही काय केलं ते सांगते कारण हे कुणालाही जमण्यासारखं आहे. सातारा जिल्ह्यात वॉटर कपच्या वेळेस माझा एक मित्र पाणलोटाच्या कामात होता, त्याच्याकडून हायड्रोमार्कर आणला. दोन काठ्या, त्यावर पट्ट्या, मध्ये पाणी भरलेली पारदर्शक नळी, गवंडी लेव्हल बघतात तसंच. दोन माणसं हवीत आणि घाई नको. आम्ही दर दहा मीटरला वाचन घेऊन वहीत लिहिलं, चुन्याऐवजी झाडांना रंगीत नाड्या बांधल्या, आणि दिवाळीनंतर एका खाजगी सर्व्हेअरकडून टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने एक-एक मीटरच्या कंटूरचा, म्हणजे समान उंचीच्या रेघांचा, नकाशा करून घेतला तेव्हा आमच्या वहीत आणि त्याच्या नकाशात फार फरक निघाला नाही. पण वहीचा फायदा वेगळा झाला, आम्हाला ती जमीन पायाने पाठ झाली.

टेपबद्दल एक सांगायलाच हवं. शेजारच्या गटवाल्यांचं म्हणणं होतं की तुमची लांबी कागदापेक्षा जास्त भरते, म्हणजे तुम्ही आमच्यात आलाय. त्यांनी टेप उतारावरून जमिनीला लावून मोजली होती. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हे सपाटीवरचं असतं, वरून बघितल्यासारखं, उतारावरून टेप धरली की माप फुगतं. १:३ च्या चढावर टेपने ५० मीटर भरले तर नकाशावर ते साडेसत्तेचाळीसच्या आतच असतात. म्हणून जुने मोजणीदार साखळी आडवी ताणून धरायचे आणि ओळंबा सोडून पायरी-पायरीने खाली उतरायचे. ती साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, आणि ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. हे मला आमच्या गावच्या निवृत्त मोजणीदारांनी ओट्यावर बसून समजावलं आणि शेजाऱ्यांना पण त्यांनीच समजावलं, भांडण तिथेच मिटलं.

सरकारी मोजणी जानेवारी २०२४ ला झाली. आधी हद्द कायम, लगतधारकांना नोटिसा, मग रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र) घेऊन भूमी अभिलेखचे लोक आले, दोन तासात खुणा दाखवल्या. एका बाजूला शेजाऱ्याच्या काजूच्या दोन ओळी आमच्यात आल्या होत्या, त्या आम्ही त्यांनाच तोडून न्यायला सांगितलं, झाडं त्यांनी लावलेली, वाढवलेली, त्यात भांडायचं काय.

आता मूळ प्रश्न. १२६ आर, अर्धा चढ, खाली अरुंद मूठ, वर सपाटी. कसं कापायचं?

सगळ्यात आधी रस्ता. सरळ वर रस्ता नेला तर तो १:४ चा होतो, त्यावर पावसात टेम्पो चढत नाही, उन्हाळ्यात सुद्धा भरलेला ट्रक चढवताना ड्रायव्हर नाही म्हणतो. किमान १:१० धरायचा तर १८ मीटर चढायला १८० मीटर रस्ता लागतो, म्हणजे चढावरून दोन वळणं घेत तिरका. खालच्या मुठीतले ६० मीटर धरून एकूण २४०. बाजूच्या गटारासकट सहा मीटर रुंदी म्हटलं तरी १४४० चौरस मीटर, साडेचौदा आरच्या जवळपास जमीन रस्त्यातच गेली. घरात हे सांगितलं तेव्हा एक काका फार नाराज झाले, एवढी जमीन फुकट घालवायची का म्हणून. त्यांना मी उन्हाळ्यात प्रत्यक्ष नाड्या बांधून रस्ता चालून दाखवला, सत्तरीचे काका न थांबता वरपर्यंत आले, मग काही बोलले नाहीत.

पण रस्ता कुणाच्या नावावर ठेवायचा? मला वाटलं होतं वेगळा पोटहिस्सा करून चौघांच्या सामाईकात ठेवू. वकिलांनी सांगितलं, साडेचौदा आरचा वेगळा हिस्सा पाडला की तोच तुकडा होतो, २० च्या खाली. म्हणून रस्ता ज्याच्या-त्याच्या तुकड्यातच ठेवला आणि प्रत्येक खरेदीखतात बाकी तिघांचा कायमचा जाण्या-येण्याचा हक्क, रुंदी, नकाशावरची मापं, दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, सगळं सविस्तर लिहिलं. हे लिहायला वकिलांचे जास्तीचे आठ दिवस गेले, आणि माझ्या मते पूर्ण व्यवहारातले सगळ्यात कामाचे आठ दिवस तेच.

मग तुकडे. आडवं कापलं असतं तर खालच्याला रस्ता, वरच्याला सपाटी, आणि मधल्याला नुसता चढ. म्हणून उभं कापलं. वरची सपाटी तिघांत, प्रत्येकाला साधारण १८ आर सपाट आणि त्याच्याच खाली उतरता चढाचा पट्टा बागेसाठी. २९, २७ आणि २९ आर. चौथा तुकडा मुठीचा, त्याच्यावरचा चढाचा खालचा भाग आणि विहीर धरून ४१ आर. हा ४१ मुद्दाम, शेतघराला किमान ०.४ हेक्टर लागतं म्हणून चाळीसच्या वर ठेवला. बाकी तिघांना घर बांधायचं तर बिनशेती आणि बांधकाम परवानगी आपली आपण काढायची, शेतघराच्या नियमात त्यांचं क्षेत्र बसत नाही, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाईकाला पहिल्याच भेटीत सांगत होतो. दोघं ते ऐकून परत गेले. जाऊ देत.

घळ आम्ही पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्याची हद्द केली. रेघ सरळ नाही, घळीबरोबर वाकडी जाते, मोजणीवाले म्हणत होते सरळ करा नकाशा छान दिसेल. पण घळीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर कुणी भराव घालायचा नाही, भिंत घालायची नाही, हे दोन्ही खतांत आहे, आणि जिथे रस्ता घळ ओलांडतो तिथे आम्ही विकायच्या आधी स्वतःच्या खर्चाने मोठा पाईप टाकून मोरी बांधली. चढावर जिथे रस्त्यासाठी कापावं लागलं तिथे चिऱ्याचा बांध, मागे दगडगोटे भरून आणि पाणी निघायला भोकं ठेवून. बाकी हद्दींना सिमेंटची भिंत नको, गडगा म्हणजे नुसत्या दगडांचा कोरडा बांध घाला असं सुचवलं, गडग्यातून पाणी सुटं जातं, मागे साठत नाही.

भाव सगळ्यांना एक ठेवला नाही. यावर घरात दोन रविवार व्हिडिओ कॉलवर गेले. खालचा तुकडा रस्त्याला लागून, विहीर त्यात, पण अरुंद. वरचे मोकळे, हवा, समोर डोंगर, पण पाणी नाही आणि कातळ असल्याने झाडं लावायला खड्डे फोडावे लागणार. २७ आरवाल्यात पोटखराबा जास्त आला होता. आम्ही मग प्रत्येक तुकड्यातली बांधता येण्यासारखी जागा, लागवडीची जागा आणि खराबा वेगवेगळे लिहिले आणि त्याला तीन वेगळे दर लावले, बेरीज येईल तो भाव. हे पान गिऱ्हाईकांनाही दाखवलं. एकाने तर म्हटलं की पहिल्यांदाच कुणी विकणाऱ्याने स्वतःहून सांगितलं की यातली एवढी जागा कामाची नाही.

आणि विहीर. ती ४१ आरमध्ये आहे, पण आजोबांनी खणली ती वाडीतल्या लोकांच्या हातभाराने, आणि एप्रिल-मेमध्ये वाडीतल्या चार घरांतल्या बायका अजून तिथूनच पाणी नेतात. वरच्या तिघांना पण पाणी लागणार. मी घरात स्पष्ट सांगितलं होतं की या विहिरीला कुंपण पडणार असेल तर मी सही करणार नाही. खतात वरच्या तिघांना पाईपलाईनचा हक्क आणि वाडीला पिण्याच्या पाण्याची वहिवाट, दोन्ही लिहिलं. गुरांची पाखाडी म्हणजे वाट, जी मुठीच्या कडेने वर जाते ती पण नकाशावर दाखवून मोकळी ठेवली. त्यामुळे एक चांगल्या भावाचं गिऱ्हाईक गेलं, त्याला पूर्ण बंदिस्त जागा हवी होती.

अकरा खातेदारांच्या सह्यांबद्दल वेगळं लिहावं लागेल एवढं ते आहे. बडोद्याच्या आत्याचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, डोंबिवलीच्या काकांचं आधारवरचं नाव वेगळं, सातबाऱ्यावर वेगळं. तुम्ही हे सगळ्यात आधी करा, मोजणीच्याही आधी. सातबारा घेऊन इतर हक्कात काय आहे ते वाचा, कुळ, बोजा, खाजगी वनाची नोंद, यातलं एक जरी निघालं तर बाकी सगळं थांबतं. आमचं सुदैवाने कोरं होतं. घेणारा शेतकरी आहे का त्याचा पुरावा पण आधीच बघा, नाहीतर रजिस्ट्रारकडे जाऊन परत यायचं.

पहिली तीन खरेदीखतं २०२४ मध्ये झाली, चौथं गेल्या मार्चमध्ये. नंतर फेरफाराची नोटीस, पंधरा दिवस हरकतीचे, मग आकारफोड, म्हणजे क्षेत्र आणि सारा तुकड्यांत वाटून नोंदवणं, आणि चार वेगळे सातबारे. वहिवाटीच्या हक्काची नोंद पहिल्या वेळेस दोन सातबाऱ्यांवर आलीच नव्हती, ती दुरुस्त करून घ्यायला दोन महिने गेले, म्हणून सातबारा हातात आला की लगेच फक्त नाव बघून घडी घालू नका, इतर हक्क वाचा.

धाकटी आत्या खरेदीखताच्या दिवशी देवरुखला आली होती. सही करून झाल्यावर म्हणाली मला एकदा वर घेऊन चल. रिक्षा नव्या रस्त्याने दोन वळणं घेऊन वर कातळापर्यंत गेली, तिच्या लहानपणी ती डोक्यावर नाचणीचे भारे घेऊन तिथून उतरायची. घळीच्या मोरीपाशी तिने रिक्षा थांबवली, खाली उतरून पाईपमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाली, यात पानं अडकतील, पावसाच्या आधी कुणीतरी काढायला हवीत. मी त्या दोन्ही नवीन मालकांना तसा मेसेज केला. एकाने लगेच होकार कळवला, दुसऱ्याचा अजून आलेला नाही, त्याला या आठवड्यात फोन करते.